ट्रेड कॅन्सल करायच्या आधी स्वतःची टीम कितव्या नंबरवर आहे ते बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. दहा मित्रांची आयपीएलची फँटसी लीग, म्हणजे खऱ्या मॅचमध्ये प्लेयर जसे खेळतील तसे आपल्या टीमला पॉइंट, स्वतः ऑक्शन करून टीम बनवलेल्या, पैसे वगैरे काही लावलेले नाहीत, हरणाऱ्याने सगळ्यांना जेवण द्यायचं एवढंच. तू कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा. तळाला असलेल्या टीमने बुमराह पहिल्या नंबरच्या टीमला देऊन टाकला आणि बदल्यात एक स्पिनर आणि एक ऑलराउंडर घेतला, दोघंही मध्यमच. ग्रुपवर बोंबाबोंब, सात जण म्हणतायत कॅन्सल कर, तू विचारतोयस की दादा मी हा ट्रेड थांबवू का. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत सहज लिहून गेलायस की तुझी स्वतःची टीम दुसऱ्या नंबरवर आहे.

माझ्या मते अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. थांबवू नकोस. निदान तू तरी थांबवू नकोस. कमिशनरने ट्रेड अडवावा असं एकच कारण मला इतक्या वर्षांत पटलंय, ते म्हणजे दोघांपैकी एक जण स्वतःच्या टीमसाठी खेळतच नाहीये. साटंलोटं असेल, नियम मोडला असेल, किंवा समोरच्याला खोटं सांगून गळ्यात काही मारलं असेल, तर अडव, बिनधास्त अडव. पण "हा ट्रेड एकतर्फी दिसतोय" हे कारण नाही, कितीही जण ओरडले तरी नाही. असं का म्हणतोय ते आता नीट सांगतो, थोडं लांबेल.

मी आमची लीग २०१३ पासून चालवतोय. पुण्यातले शाळेतले आणि कॉलेजमधले मित्र, बारा टीम, प्रत्येकाला शंभर कोटींची खोटी पर्स, आणि दर सीझनला तीन प्लेयर पुढच्या वर्षी स्वतःकडे ठेवता येतात. त्याआधी नोकरीसाठी ह्यूस्टनला होतो, तिथे ऑफिसमध्ये बास्केटबॉलची फँटसी लीग होती, ट्रेड म्हणजे काय आणि त्यावरून माणसं एकमेकांशी किती दिवस अबोला धरू शकतात हे पहिल्यांदा तिथे पाहिलं. म्हणजे तुझ्यासारखे प्रसंग मी भरपूर निस्तरलेत, आणि काही वाईट निस्तरलेत, त्यातला सगळ्यात वाईट आधी सांगतो.

२०२० चा सीझन, युएईमधला. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्यातल्या एकाने डेव्हिड वॉर्नर देऊन ऋतुराज गायकवाड घेतला. सोबत अजून एक बॉलर इकडून तिकडे गेला पण तो विषय नाही. त्या दिवशीची परिस्थिती आठव, वॉर्नर म्हणजे दर सीझनला पाचशेच्या वर रन करणारा माणूस, आणि ऋतुराजच्या तीन इनिंग्ज झाल्या होत्या, शून्य, पाच आणि शून्य. तीन इनिंग्जमध्ये पाच रन. ग्रुपवर लोकांनी त्या ट्रेडचा पार धुव्वा उडवला, म्हणाले याला वेड लागलंय, याला स्वतःपासूनच वाचवायला पाहिजे, आणि मी कमिशनर म्हणून, लीगच्या भल्यासाठी म्हणून, ट्रेड रद्द केला. मला मनापासून वाटलं होतं की मी बरोबर करतोय.

त्यानंतरच्या तीन मॅचमध्ये ऋतुराजने तीन फिफ्टी मारल्या. पुढच्या वर्षी, २०२१ ला, सगळ्यात जास्त, ६३५ रन करून ऑरेंज कॅप घेतली आणि त्याची चेन्नई चँपियन झाली. त्याच वर्षी वॉर्नरची हैदराबादने कॅप्टन्सी काढली, नंतर टीममधूनच बाहेर बसवलं, आठ मॅचमध्ये दोनशे रनही झाले नाहीत.

आता तू म्हणशील हे कोणाला माहीत असणार. त्या मित्राला माहीत होतं. तो चिंचवडचा. थेरगावला वेंगसरकर अकादमीच्या ग्राउंडवर त्याने ऋतुराजला कितीतरी वर्षं बॅटिंग करताना बघितलं होतं, त्याच्या डोक्यात पक्कं होतं की हा पोरगा पुढच्या वर्षी फाडणार आणि आत्ताच स्वस्तात उचलून पुढच्या वर्षी ठेवायच्या तीन प्लेयरमध्ये ठेवायचा. त्याने मला फोनवर हे सांगायचा प्रयत्नही केला होता. मी ऐकलं नाही कारण माझ्यासमोर एक्सेल शीट उघडी होती आणि त्यात पाच रन दिसत होते. दोन वर्षं तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता, आणि मला त्याचं अजिबात चुकीचं वाटत नाही. मी त्याच्या बुद्धीचा अपमान केला होता, तोही चारचौघांत.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलीये. ट्रेड जेव्हा वेडगळ दिसतो तेव्हा बहुतेक वेळा दोघांपैकी एकाला काहीतरी दिसत असतं जे तुला दिसत नाहीये. तो चुकत असेलही, पण चुकायचा हक्क त्याचा आहे, टीम त्याची आहे. ऑक्शनमध्ये कोणी एखाद्या प्लेयरवर तीस कोटी उडवले तर आपण हातोडा थांबवतो का? मग ट्रेडमध्येच का आपल्याला अचानक त्याची काळजी वाटायला लागते?

आता तू म्हणालास की "एनबीएमध्ये पण कमिशनर ट्रेड कॅन्सल करतो, ख्रिस पॉलचा केला होता." एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग. सगळेच हे उदाहरण देतात, आणि मी तेव्हा ह्यूस्टनमध्येच असल्यामुळे मला ते फार जवळून आठवतंय, कारण त्या ट्रेडमधली तिसरी टीम आमची रॉकेट्स होती. ८ डिसेंबर २०११. लॉकआउट, म्हणजे मालक आणि प्लेयर यांच्या वादामुळे पडलेला बंद, संपला तो दिवस. तीन टीमचा सौदा ठरला, न्यू ऑर्लीन्स हॉर्नेट्सचा ख्रिस पॉल लॉस एंजेलिसच्या लेकर्सला, लेकर्सचा पाऊ गसोल ह्यूस्टनला, आणि हॉर्नेट्सला लुईस स्कोला, केविन मार्टिन, गोरान ड्रागिच, लमार ओडम आणि पहिल्या राउंडचा एक पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा प्लेयर निवडायचा हक्क. ऑफिसमध्ये गसोल येणार म्हणून लोक खूश होते, आणि रात्रीपर्यंत बातमी आली की एनबीएचा कमिशनर डेव्हिड स्टर्नने सौदा नामंजूर केला. कारण काय दिलं, तर बास्केटबॉलची कारणं. त्या दोन शब्दांची अमेरिकेत आजपर्यंत चेष्टा होते.

पण या गोष्टीतला खरा मुद्दा लोक सोडून देतात. त्या वेळी हॉर्नेट्सचा मालक कोण होता? स्वतः एनबीए. आधीच्या मालकाकडून लीगने डिसेंबर २०१० मध्ये टीम विकत घेतली होती, दुसरा गिऱ्हाईक मिळेपर्यंत लीगच ती चालवत होती. म्हणजे स्टर्न त्या दिवशी दोन खुर्च्यांवर बसला होता, एक कमिशनरची आणि एक मालकाची. त्याचं म्हणणं हेच होतं की मी कमिशनर म्हणून काही अडवलं नाही, हॉर्नेट्सच्या मालकाच्या जागी बसून नाही म्हणालो, जसा कुठलाही मालक आपल्या जनरल मॅनेजरला नाही म्हणू शकतो. कागदावर ते बरोबरही आहे. पण बाहेरच्या माणसाला कसं कळणार की आत्ता कुठली टोपी डोक्यावर आहे? त्याच दिवशी क्लीव्हलँडच्या टीमचा मालक डॅन गिल्बर्ट याने स्टर्नला ईमेल केला होता की हा सौदा होऊ देऊ नका, बाकीच्या मालकांचं मत घ्या, आणि तो ईमेल बाहेर फुटला. झालं, जगाला वाटलं की जळकुट्या मालकांनी दबाव टाकला आणि कमिशनर वाकला. खरं काय होतं याला काही अर्थच उरला नाही, लेकर्सचे चाहते आजही त्यावरून चिडतात.

सहा दिवसांनी, १४ डिसेंबरला, पॉल गेला त्याच शहरात पण क्लिपर्सकडे, आणि हॉर्नेट्सला एरिक गॉर्डन, ख्रिस केमन, अल-फारूक अमिनू आणि मिनेसोटाचा पहिल्या राउंडचा पिक मिळाला. काही लोक म्हणतात बघा स्टर्नच बरोबर होता, कारण हॉर्नेट्स त्या वर्षी इतके हरले की ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लागला आणि अँथनी डेव्हिस मिळाला. मला हा युक्तिवाद बिलकुल पटत नाही. गॉर्डन त्या सीझनला फक्त नऊ मॅच खेळला, आणि डेव्हिस लॉटरीत निघाला, ड्राफ्टमध्ये पहिलं कोणी निवडायचं ते हरलेल्या टीममध्ये लॉटरीने ठरतं, सगळ्यात जास्त चान्स तर शार्लटच्या टीमचा होता ज्यांनी ६६ पैकी ७ मॅच जिंकल्या होत्या. लॉटरीत चिठ्ठी निघाली म्हणून आदल्या वर्षीचा निर्णय शहाणपणाचा होत नाही. आणि उलट बाजूने बघायचं तर ह्यूस्टनला गसोल मिळाला नाही म्हणून आम्ही हळहळलो, पण केविन मार्टिन आमच्याकडेच राहिला, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच मार्टिनला पुढे करून रॉकेट्सने जेम्स हार्डनसारखा स्टार आणला. हे डिसेंबर २०११ मध्ये कुठल्या कमिशनरला दिसत होतं सांग बरं? ज्याला एक वर्ष पुढचं दिसत नाही, आणि कोणालाच दिसत नाही, त्याने कुठला ट्रेड कोणासाठी वाईट आहे हे ठरवायला बसूच नये.

तुझं प्रकरण स्टर्नसारखंच आहे, म्हणून एवढं ताणून सांगितलं. बुमराह पहिल्या नंबरवाल्याकडे गेला की सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं? दुसऱ्या नंबरवाल्याचं, म्हणजे तुझं. तू कितीही प्रामाणिकपणे विचार करून ट्रेड थांबवलास तरी उद्या तू लीग जिंकलास की सगळे म्हणणार याने स्वतःसाठी थांबवला. आणि तुला स्वतःलाही कधी खात्री वाटणार नाही की तसं नव्हतं.

अजून एक जुनी गोष्ट आहे, बेसबॉलची, ती तर प्रत्येक कमिशनरला माहीत पाहिजे. जून १९७६. ओकलंड एज या टीमचा मालक चार्ली फिनली, ज्याच्या टीमने ७२, ७३ आणि ७४ अशा लागोपाठ तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या फायनल, जिंकल्या होत्या. आदल्याच वर्षाच्या शेवटी एक निकाल असा लागला होता की प्लेयर आयुष्यभर एका टीमला बांधलेले राहणार नाहीत, करार संपला की मोकळे. फिनलीला कळलं की सीझन संपला की आपले स्टार फुकटात निघून जाणार, म्हणून त्याने आधीच विकायला काढले. जो रूडी आणि रॉली फिंगर्स बोस्टनला दहा-दहा लाख डॉलरला, व्हायडा ब्लू यँकीजना पंधरा लाखांना. गंमत म्हणजे बोस्टनची टीम तेव्हा ओकलंडमध्येच मॅच खेळायला आली होती, त्यामुळे रूडी आणि फिंगर्स नुसते सामान उचलून पलीकडच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले. तीन दिवसांनी कमिशनर बोवी कून याने तिन्ही सौदे रद्द केले. कारण, खेळाचं हित.

फिनली कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाने सांगितलं की मालकांनीच कमिशनरला खेळाच्या हितासाठी वाटेल ते करायचा अधिकार लिहून दिलाय, त्याने प्रामाणिकपणे वापरला असेल तर आम्ही मध्ये पडणार नाही, १९७८ ला अपीलमध्येही तेच. म्हणजे अधिकार होता का, तर होता. पण परिणाम काय झाला ते बघ. सीझन संपल्यावर रूडी एंजल्सकडे गेला, फिंगर्स सान दिएगोला, आणि फिनलीला दोघांचा एक डॉलर मिळाला नाही. ज्या ओकलंडला वाचवायला म्हणून कूनने सौदे अडवले ती टीम १९७७ मध्ये ९८ मॅच हरली. प्लेयर गेले ते गेलेच, वर पैसेही गेले, ते पैसे असते तर निदान नवीन पोरं उभी करता आली असती. अधिकार असणं आणि तो वापरणं योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुझ्याकडे ग्रुपचा ॲडमिन म्हणून शीट बदलायचा अधिकार आहेच की, प्रश्न तो नाहीये.

आता अडवायचं कधी ते सांगतो, कारण मी सगळंच सोडून दे म्हणत नाहीये.

आमच्या लीगमध्ये एका वर्षी असं झालं की बाराव्या नंबरच्या टीमने शेवटच्या आठवड्यात आपले तीन सगळ्यात भारी प्लेयर एकाला दिले आणि बदल्यात तीन असे घेतले जे त्यांच्या खऱ्या टीममध्ये बेंचवर बसून होते. घेणारा त्याच्या बायकोचा भाऊ. मी लगेच काही केलं नाही. दोघांना वेगवेगळा फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, या ट्रेडमधून तुझ्या टीमला काय मिळालं? घेणाऱ्याने अर्थातच सगळं सांगितलं. देणारा म्हणाला, "माझं काय, मी तर बाहेरच आहे, निदान त्याला तरी जिंकू दे." संपला विषय. तो मनाने वाईट नव्हता, त्याला यात काही गैर आहे हेही जाणवलं नव्हतं, पण तो त्या क्षणी स्वतःच्या टीमचा मालक राहिला नव्हता, एक माणूस दोन टीम चालवत होता आणि बाकीचे दहा जण एक-एक. तो ट्रेड मी रद्द केला आणि आजही करेन. 

हा एक प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक वेळी वापरतो. उत्तर पटलं पाहिजे असं नाही, उत्तर असलं पाहिजे. "मला वाटतं हा स्पिनर चेपॉकवर पुढच्या तीन मॅच खेळणार आहे" हे उत्तर आहे. "माझे दोन प्लेयर इंज्युअर्ड आहेत, मला अकरा पूर्ण करायला माणसं पाहिजेत" हे तर फारच चांगलं उत्तर आहे. आणि तुझ्या केसमध्ये मला तोच वास येतोय, तूच लिहिलंयस की तळाच्या टीमचे दोन जण बाहेर आहेत. ज्याचे दोन स्लॉट रोज शून्य पॉइंट देतायत त्याच्यासाठी एक बुमराह देऊन दोन रोज खेळणारे प्लेयर घेणं हा अजिबात वेडेपणा नाही. नाव बघितलं तर एकतर्फी वाटतं, बेरीज करून बघ, कदाचित आठवड्याला त्याचे पॉइंट वाढतायत. एकाला दोन असे ट्रेड बाहेरून नेहमीच वाईट दिसतात कारण सगळ्यांचं लक्ष मोठ्या नावावर असतं.

उसने ट्रेड हाही प्रकार सर्रास चालतो, म्हणजे या आठवड्यापुरता तुझा बॉलर मला दे, पुढच्या आठवड्यात परत घे. हे सरळ साटंलोटं आहे, यावर चर्चा नको. दिलेला प्लेयर चार आठवडे त्याच टीमकडे परत जाणार नाही असा आमच्याकडे नियम आहे. आणि इंज्युरीचं म्हणशील तर, जी बातमी सगळ्यांसाठी बाहेर आलीये ती वाचायची जबाबदारी ज्याची त्याची, नाही वाचली तर तोटा सोसायचा. पण समोरच्याने "हा फिट आहे का" असं स्पष्ट विचारलं आणि माहीत असून हो सांगितलं, तर ट्रेड रद्द, आणि सांगणाऱ्याला त्या सीझनमध्ये परत ट्रेड नाही. हे एकदाच करावं लागलं, नंतर कोणी केलं नाही.

नवखा माणूस असेल, पहिलंच वर्ष, आणि एखादं जुनं खोड त्याला गंडवत असेल तर? इथे मला खरंच वाईट वाटतं आणि हात शिवशिवतात. तरीही व्हेटो नको. आमच्याकडे ट्रेड ठरल्यापासून चोवीस तास थांबायची पद्धत आहे, त्या वेळात दोघांपैकी कोणीही मागे फिरू शकतं, कारण न देता. मी नवीन माणसाला फोन करतो, तुला काय मिळतंय आणि काय जातंय हे सांगतो, आणि फोन ठेवतो. निर्णय त्याचा. बहुतेक वेळा तो स्वतःच मागे फिरतो, आणि नाही फिरला तर पुढच्या वर्षी शहाणा होतो. मी ट्रेड कॅन्सल करून त्याला वाचवलं असतं तर तो दरवर्षी माझ्याकडे बघत बसला असता.

सात जण म्हणतायत कॅन्सल कर, तर मतदान घेऊ का, हा तुझा दुसरा प्रश्न. नको. मतदान दिसायला लोकशाही आहे, पण मत देणारे सगळे स्पर्धक आहेत ना. प्रत्येक जण मत देताना ट्रेड चांगला की वाईट हे बघत नाही, माझ्या टीमला याचा त्रास होईल का हे बघतो. गिल्बर्टचा तो ईमेल आठव. त्याची टीम त्या सौद्यात कुठेच नव्हती. मतदानाचा व्हेटो असलेल्या लीगमध्ये हळूहळू ट्रेडच बंद होतात, कारण कुठल्याही ट्रेडमध्ये खूश दोनच जण असतात आणि बाकीचे सगळे नाराज. ह्यूस्टनच्या ऑफिसच्या लीगमध्ये हेच झालं, दुसऱ्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये एकही ट्रेड पास झाला नाही आणि तिसऱ्या वर्षी लीगच राहिली नाही.

मग लीग सुरक्षित कशी ठेवायची, तर सीझन सुरू व्हायच्या आधी लिहिलेल्या नियमांनी. यातही एनबीएनेच चांगला धडा दिलाय. १९८० च्या सुमारास क्लीव्हलँडचा मालक टेड स्टेपियन याने पहिल्या राउंडचे पिक असे वाटले की टीमचं भविष्यच संपलं. लीगने आधी त्याच्या ट्रेडवर बंधन घातलं, पण खरं टिकलेलं काम म्हणजे सगळ्यांसाठी नियम केला, लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक कोणी देऊन टाकू शकत नाही. आजही तो नियम त्याच्याच नावाने ओळखतात. आता प्रत्येक वेळी कमिशनरला कोणाची अक्कल काढायला लागत नाही, नियमात बसतंय का एवढंच बघायचं.

आपल्या आयपीएलचंच घे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला, बदल्यात एकही प्लेयर नाही, सगळा पैशाचा व्यवहार. ज्याने २०२२ ला पहिल्याच वर्षी कप जिंकून दिला आणि २०२३ ला फायनलला नेलं तो कॅप्टन. तेव्हा किती लोक म्हणत होते की बीसीसीआयने हे होऊच कसं दिलं. पण नियमात बसत होतं, प्लेयरची लेखी संमती होती, दोन्ही फ्रँचायझी तयार होत्या. आणि नियमानेच आपलं काम केलं, हार्दिकचे पंधरा कोटी बसवायला मुंबईच्या पर्समध्ये जागा नव्हती म्हणून त्यांना साडेसतरा कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगलोरला द्यावा लागला. पर्सची मर्यादा होती म्हणून कोणाला व्हेटो वापरायची गरज पडली नाही. फिनलीच्या वेळी बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नव्हती, म्हणून कूनला स्वतःच्या अंगावर घ्यावं लागलं. आणि त्या सीझनला मुंबई शेवटून पहिली आली, चौदापैकी चार मॅच जिंकली, वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला, म्हणजे हार्दिकला, लोकांनी हुर्यो केली, मी स्वतः टीव्हीसमोर बसून ते बघितलंय आणि फार वाईट वाटलं होतं.

हल्लीचं सांगायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये एनबीएच्या डॅलसने आपला स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला दिला, अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या एका पिकच्या बदल्यात. अमेरिकेत फँटसी लीगमध्ये कोणी असा ट्रेड टाकला असता तर पाच मिनिटांत व्हेटो झाला असता. एनबीएने काही केलं नाही. डॅलसच्या जनरल मॅनेजरला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोकरी गमवावी लागली. ज्याने चूक केली त्यानेच तिची किंमत मोजली, आणि ते योग्यच आहे.

तुमच्या लीगमध्ये आत्ता नियम नाहीत, म्हणून ही वेळ आलीये. या सीझनला अर्ध्यात नवीन नियम घालू नकोस, ज्या दोघांनी ट्रेड केला त्यांनी तो आहे त्याच नियमांत केलाय. पुढच्या ऑक्शनच्या आधी बसा आणि लिहा. ट्रेडची शेवटची तारीख ठेवा, प्लेऑफच्या किमान तीन आठवडे आधीची, म्हणजे बाहेर पडलेला माणूस शेवटी दान करत सुटणार नाही. तळाला येणाऱ्याला काहीतरी त्रास ठेवा, तुमच्याकडे जेवण आहेच, आमच्याकडे सिंहगडावर सगळ्यांची पिठलं-भाकरी आणि येण्या-जाण्याचा खर्च त्याच्यावर असतो, आणि विश्वास ठेव, त्या पिठलं-भाकरीमुळे अकराव्या आणि बाराव्या नंबरची भांडणं पहिल्या-दुसऱ्यापेक्षा जास्त चुरशीची होतात. आणि संशय असेल तर बघायला तीन माणसं, त्या ट्रेडमध्ये नसलेली आणि पहिल्या चारातली नसलेली, चिठ्ठी टाकून. कमिशनरने फक्त चिठ्ठ्या टाकायच्या.

आता तू आज काय करायचं ते. ग्रुपवर आधी लिही की माझी टीम दुसऱ्या नंबरवर आहे, या ट्रेडने माझं नुकसान होतंय, म्हणून यावर निर्णय मी घेणार नाही. हे लपवू नकोस, तूच आधी बोललास की अर्धं वातावरण निवळतं. मग पाचव्या ते आठव्या नंबरमधल्या एकाला, जो शांत डोक्याचा आहे आणि ज्याची या दोघांशी विशेष जवळीक नाही, त्याला सांग की दोघांना वेगवेगळा फोन कर आणि तो एकच प्रश्न विचार. कॉन्फरन्स कॉल नको, समोरासमोर कोणी खरं सांगत नाही. तळाच्या टीमवाल्याकडे उत्तर असेल, कसंही असलं तरी, तर ट्रेड पास, आणि ज्याला पटत नाही त्याला सांग की तुझ्याकडे यापेक्षा चांगली ऑफर होती तर तू का नाही दिलीस त्याला. हे विचारल्यावर सातातले पाच गप्प होतील, मी बघितलंय. आणि उत्तर नसेल, "राहू दे रे जिंकू दे त्याला" असलं काही निघालं, तर त्या मधल्या माणसानेच ग्रुपवर कारणासकट लिहून रद्द करायचा, तू नाही.

फक्त हे सगळं मुंबईची पुढची मॅच सुरू व्हायच्या आधी उरक. बुमराहने त्या मॅचमध्ये चार विकेट काढल्या आणि तेव्हा तो कोणाच्या टीममध्ये होता हेच ठरलेलं नसेल, तर मग ते पॉइंट कोणाचे यावरून जे भांडण होईल ते मला फोन करूनही सुटणार नाही.